नात्याबाहेरची तीन माणसं

आमच्या ह्यांना चांगलं ओळखणारी तीन माणसं हवी होती, आणि ती काही केल्या सापडत नव्हती. पळून गेलेल्या चोराला ओळखणारीसुद्धा पाच-पन्नास निघतात. आमचे हे तर घरातून कामावर आणि कामावरून घरी येणारे साधे लिफ्ट दुरुस्त करणारे. पण माणूस इतका अबोल, की त्यांना ओळखायचं तरी कसं, असा लोकांना प्रश्न पडावा.

झालं होतं असं. शहराच्या टोकाला एक सरकारी इमारत आहे. उंच भिंत, फाटकावर पाटी नाही, आत काय चालतं ते कुणाला ठाऊक नाही. आतली माणसं गळ्यातलं ओळखपत्र बाहेर पडताना खिशात घालतात. तिथल्या लिफ्ट आणि दारांवर देखरेख करायला एक जाणता माणूस हवा होता. आमच्या ह्यांनी अर्ज केला, हातकामाची परीक्षा दिली, त्यात पहिले आले. हेसुद्धा मला आमच्या लेकीकडून कळलं, कारण अर्ज तिने भरून दिला होता. आता उरली होती ती कसून चौकशी. तिथे सुईच्या नेढ्यातूनही गुपित बाहेर जायला नको असतं, त्यामुळे माणूस आतून बाहेरून तपासून घेतात.

मला ती नोकरी हवी होती. त्यांना हवी होती त्याच्या दुप्पट मला हवी होती. वर्षभरापूर्वी हे एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या शाफ्टमध्ये घसरले आणि कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत राहिले. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, तिला शाफ्ट म्हणतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. घरी आले ते हात गळ्यात बांधून. म्हणाले, "जरा लागलंय." खरं काय झालं ते त्यांच्या कामावरच्या जोडीदाराच्या बायकोने बाजारात सांगितलं, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून हे कामावर गेले, की माझा अर्धा जीव कुठल्या तरी काळोख्या शाफ्टमध्ये टांगलेला असे. नव्या नोकरीत शाफ्टमध्ये दुसरे उतरणार होते, ह्यांनी खुर्चीत बसून लक्ष ठेवायचं होतं. मला आयुष्यात आणखी काही नको होतं.

चौकशीसाठी वेगळा अर्ज होता, त्यात एक रकाना होता. तुमच्या चारित्र्याची ग्वाही देतील अशा तीन व्यक्ती. नात्यातल्या नकोत, सध्याच्या कामावरच्या नकोत, आणि ओळख जुनी हवी. भाऊ चालत नाही, मेहुणा चालत नाही, साडू चालत नाही. म्हणजे मराठी माणसाने करायचं काय?

ह्यांनी तो रकाना कोरा ठेवला होता.

"अहो, तीन माणसं आठवत नाहीत तुम्हाला?" मी विचारलं.

"आहे की एक."

"कोण?"

"तू."

"मी चालत नाही. मी नात्यात आहे."

"मग अवघड आहे," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले.

मी कपाळावर हात मारला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला कुणी तीन माणसं विचारली असती, तर मी दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत तीस दिली असती. पण चौकशी ह्यांची होती. शेवटी मीच पदर खोचला.

पहिला सापडला कोपऱ्यावरचा सलूनवाला. हे वर्षानुवर्षं त्याच्याकडेच केस कापतात, म्हणजे जेव्हा डोक्यावर भरपूर होते तेव्हापासून. मी गेले तर तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

"लिफ्टवाले साहेब ना? ओळखतो की," तो म्हणाला. "मागून तर फारच चांगले ओळखतो."

"माणूस कसा आहे, ते सांगाल का?"

तो वस्तरा हातात धरून विचारात पडला. गिऱ्हाईक जरा घाबरलं. "डोकं हलवत नाहीत," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या हेडबाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण शाळा अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. जिन्यात भेटल्या तरी माणूस सरळ उभा राहतो. त्या म्हणाल्या, "वागणूक उत्तम. तोंडी परीक्षेत शून्य."

तिसरे वजीरकाका. बागेतल्या दगडी बाकावर हे दर रविवारी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळतात. काकांचा वजीर मेला की ते घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळतात, म्हणून ते नाव. मी त्यांना ह्यांच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "राजा फार लवकर कोपऱ्यात नेतो. सावध माणूस आहे." मग त्यांनी मलाच विचारलं, "नाव काय हो त्याचं?"

आता ह्या तिघांच्या भरवशावर मी ह्यांना त्या भिंतीआड पाठवणार होते. डोकं हलवत नाही, तोंडी शून्य, आणि नाव माहीत नाही. मी घरी येऊन बसले आणि ठरवलं, की माणसं तर मिळाली आहेत, आता त्यांच्या तोंडी चार बरे शब्द घातले पाहिजेत. त्यात माझं काय चुकत होतं? लग्न जुळवताना आपण हेच करतो. मुलाकडच्या शेजाऱ्याने काय सांगायचं, ते मुलाची आई आधी सांगून ठेवते, आणि शेजारीही ते इमानेइतबारे सांगतो. मी आजवर कितीतरी लग्नं अशीच जुळवली आहेत, आणि ती सगळी टिकली आहेत.

मी तिघांनाही सांगितलं, "मितभाषी पण मनमिळाऊ, असं म्हणा." आणि एक उदाहरण दिलं. शाफ्टच्या तळाशी लोकांच्या हातून पडलेलं काय काय साठतं. किल्ल्या, नाणी, कानातलं. एकदा ह्यांना तिथे सोन्याची अंगठी सापडली. ती कुणाची, हे त्या इमारतीत दारोदार विचारत फिरले आणि मालकिणीच्या हातात देऊनच घरी आले. ही गोष्ट शंभर टक्के खरी होती. हेडबाईंनी तर माझ्याकडून ती दोनदा म्हणवून घेतली आणि एक वाक्य सुधारून दिलं.

पुढच्या आठवड्यात चौकशीवाल्या मॅडम येऊन तिघांना भेटून गेल्या. सलूनवाल्याने मला अंगठा दाखवला. वजीरकाकांनी मान डोलावली. हेडबाई म्हणाल्या, "पूर्ण गुण." माझा जीव भांड्यात पडला. मी लेकीला फोन करून सांगितलंसुद्धा, की बाबांची नोकरी पक्की समज.

आणि मग मॅडम आमच्या घरी आल्या.

पन्नाशीच्या, साध्या कपड्यातल्या, पायात चालून चालून झिजलेले बूट. चहा घेतला, साखर नको म्हणाल्या. कागद काढले नाहीत, पेन काढलं नाही. आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "सोन्याची अंगठी लिफ्टच्या शाफ्टमध्ये कुणाची पडली होती?"

"मागे एका बाईंची," हे म्हणाले.

"हेडबाई म्हणतात त्यांची पडली होती. बागेतले काका म्हणतात, त्यांच्या बायकोची. आणि सलूनवाला म्हणतो, त्याची स्वतःची. सलूनमध्येच पडली म्हणाला." त्यांनी कप खाली ठेवला. "सलून तळमजल्यावर आहे. तिथे लिफ्ट नाही."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी सांगितलं होतं उदाहरण म्हणून, आणि त्या भल्या माणसांनी माझ्यावरच्या मायेपोटी आपापली अंगठी पाडली होती.

"तिघंही मनमिळाऊ म्हणाले," मॅडम पुढे म्हणाल्या. "सलूनवाल्याला तो शब्द दोनदा अडला. साक्षीदार पढवून ठेवलेले निघाले, तर कागद तिथेच थांबतात. आम्हाला त्याचा एकच अर्थ काढावा लागतो, की झाकण्यासारखं काहीतरी आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तरी हे म्हणाले, "माझी चूक आहे."

"काय चूक आहे तुमची?" मी म्हणाले. "तुम्ही तोंड उघडलं असतंत, तर मला दुसऱ्यांची उघडावी लागली असती का? मॅडम, मी पढवलं त्यांना. ह्यांना पत्तासुद्धा नाही. हे कुणाला पढवतील? हे स्वतः बोलत नाहीत, तर दुसऱ्याला काय बोलायला लावणार."

मॅडमनी ह्यांना बाहेर जाऊन बसायला सांगितलं. घरातल्या माणसाशी एकटं बोलायचं असतं म्हणाल्या, नियमच आहे. हे जिन्यात जाऊन बसले, आणि मी त्या बाईसमोर अशी बसले, जशी लहानपणी गणिताच्या मास्तरांसमोर बसायचे.

"तुम्हाला काही सांगतात का हो, कामावरचं?" त्यांनी विचारलं.

झालं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नोकरी तर बुडालीच होती, मग मी कशाला मागे राहते?

"काही म्हणजे काही सांगत नाहीत," मी म्हणाले. "मी रोज विचारते, आज काय झालं. रोज म्हणतात, काही नाही. अहो, दिवसभर माणूस घराबाहेर असतो, काहीच कसं होत नाही? समोरच्या इमारतीतली थोरली मुलगी एका पहाटे घर सोडून गेली. आई-बापांशी पटत नव्हतं, लग्न मनासारखं करायचं होतं. गल्लीत दुसरा विषय नव्हता. कुठे गेली, कुणाबरोबर गेली. मी ह्यांच्यासमोर ताटावर बसून तर्क लढवत होते. मुलगा बँकेतला असेल, नाहीतर तो गाणं शिकवणारा. हे खाली मान घालून जेवत होते. पुढे घरच्यांचा राग निवला, रीतसर लग्न झालं, आणि मांडवात ती मुलगी ह्यांच्या पाया पडली. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, त्या पहाटे बॅग घेऊन निघाले आणि लिफ्ट अडकली. काकांनी सोडवलं. दाराबाहेर उभे राहून मला सारखं बोलायला लावत होते, मी त्यांना सगळं सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. मुलाचं नाव, गाव, गाडीची वेळ. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की ते घाबरतं, श्वास कोंडतो. म्हणून हे लोक त्याला बोलतं ठेवतात, ही त्यांच्या कामाची पद्धतच आहे म्हणे. आणि माणूस काळोखात अडकला, की काय पोटात असेल ते बोलतो. म्हणजे ह्या शहरातल्या निम्म्या लोकांच्या पोटातलं ह्यांच्या कानात आहे, आणि बायकोला काय? काही नाही. तो मुलगा बँकेतला नव्हता, गाणं शिकवणारा नव्हता. चष्म्याच्या दुकानातला होता. ह्यांचा चष्मा त्याच दुकानातला. माझ्यासमोर बसून तो चष्मा पुसत होते, मॅडम, आणि तोंडातून ब्र काढला नाही. मला इतका राग आला, की मी दोन दिवस बोलले नाही."

"मग?"

"मग काय, त्यांना ते कळलंच नाही."

मॅडम हसल्या. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. मला तेही आवडलं नाही. माझं मन भरून आलं होतं, आणि मी बोलून टाकलं, "त्यांना नोकरी देऊ नका हवं तर, पण ते खोटे आहेत असं लिहू नका. खोटं मी बोलायला लावलं. तो माणूस खोटं बोलत नाही, कारण त्यासाठी बोलावं लागतं. गेल्या वर्षी मेला असता तो. त्याने पुन्हा त्या भोकात उतरू नये, एवढ्यासाठी मी हे सगळं केलं."

मॅडमनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला. मग उठल्या. "त्या तिघांना मी पुन्हा भेटणार आहे," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी माझ्या आधी तुम्ही जायचं नाही. फोनसुद्धा नाही. जमेल?"

"प्रयत्न करते," मी म्हणाले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. हेडबाई जिन्यात दिसल्या तर मी भाजीची पिशवी पुढे करून पळत होते. सलूनवरून जायचं नाही म्हणून लांबच्या रस्त्याने दुकानात जात होते. हात दाखवून अवलक्षण आधीच झालं होतं, आणखी नको. ह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी एकदा विचारलं, "रागावलात का?" तर म्हणाले, "नाही. अंगठी चांगली होती." आणि हसले.

कागद आले तेव्हा पाकीट मीच फोडलं. निवड झाली होती. मी ते तीनदा वाचलं आणि मग बसून रडले, आणि ह्यांनी पाणी आणून दिलं.

मग मी आधी कुठे गेले असेन, तर सलूनमध्ये.

"काय सांगितलंत हो दुसऱ्या वेळी?"

सलूनवाला खुर्ची झटकत होता. "खरं तेच. मॅडम म्हणाल्या, मनमिळाऊ नको, तुमचं तुम्ही सांगा. मी म्हटलं, आमचा धंदा बोलायचा. माझ्या खुर्चीत बसलेला माणूस इकडचं तिकडे नेतोच, मीही नेतो. पण माझं माझ्या भावाशी वाजलं, कोर्टापर्यंत गेलं, ते सगळं मी फक्त लिफ्टवाल्या साहेबांना सांगायचो. कात्री चालवता चालवता. बाजारातून त्यातला एक शब्द कधी माझ्या कानावर परत आला नाही. एकाही गिऱ्हाइकाबद्दल मी हे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

हेडबाईंनी मला आत बोलावलं, बसवलं, आणि म्हणाल्या, की निवृत्तीनंतर त्यांचं मन फार खचलं होतं. शाळेला आपली गरज नाही, ह्या विचाराने त्या गच्चीत जाऊन रडायच्या. हे गच्चीवर लिफ्टच्या मशीनला तेल द्यायला येत. "एकदा त्यांनी पाहिलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे एक खुर्ची आणून ठेवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या बायको, म्हणजे तुम्हाला ते माहीत असणार असं समजत होते."

मला माहीत नव्हतं. ती खुर्ची आमचीच होती. कुठे गेली म्हणून मी घर धुंडाळलं होतं.

वजीरकाका मॅडमना काय बोलले, ते त्यांनी मला सांगितलं नाही. "मॅडमना सोडून ते मी फक्त त्याला सांगितलेलं आहे," एवढंच म्हणाले. मी त्यांना ह्यांचं नाव सांगायला विसरले नाही.

सोमवारी हजर व्हायचं होतं. आदल्या दुपारी जेवणं झाली, मी ओटा पुसत होते, आणि हे स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढून बसले. जेवण झाल्यावर हे स्वयंपाकघरात कधी येत नाहीत. मला वाटलं, काही दुखतंय.

"उद्या एका कागदावर सही करायची आहे," हे म्हणाले. "मग कामावरचं काही घरी बोलता येणार नाही."

"म्हणजे आजवर काय व्याख्यानं देत होतात?"

"नाही. म्हणूनच आलोय. उद्यापासूनचं नाही सांगता येणार. आजपर्यंतचं सांगता येईल."

मी फडकं खाली ठेवलं. "त्या लोकांच्या गोष्टी?"

"त्या त्यांच्या आहेत. माझं सांगतो."

आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली, ती त्या पडण्यापासून. दिवा हातातून सुटून खाली गेला, तो फुटल्याचा आवाज कितीतरी वेळाने आला. हात हलत नव्हता. जोडीदार माणसं बोलवायला धावला. "अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं असतं," हे म्हणाले. "वर कुणी नव्हतं. मग माझा मीच बोलत राहिलो. मोठ्याने."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"आधी म्हणालो, गॅसची नळी जुनी झालीय, बदलून घे. मग म्हणालो, लेकीला लगेच कळवू नकोस, ती गाडी चालवत असेल. मग काही सुचेना, तर तू रोज जे विचारतेस, ते तुझ्या आवाजात विचारत राहिलो. आज काय झालं. आणि मी सांगत राहिलो. त्या दिवसाचं, आदल्या दिवसाचं, आठवेल तेवढं. लोक दोर घेऊन आले, तरी माझं चालूच होतं. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागलाय."

मी त्यांचा हात धरला.

"तिथे आत काही झालं, तरी मला सांगता येणार नाही," हे म्हणाले. "म्हणून तू विचारायचं थांबवशील. ते नको. मी सांगितलं नाही, तरी तू विचारत जा."

"विचारीन की," मी डोळे पुसत म्हणाले. "सरकारने तुम्हाला गप्प बसायला सांगितलंय, मला नाही."